विमान उशिरा का ऐकत होतं

सात वर्षं झाली, ही गोष्ट मी तोंडाबाहेर पडू दिलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे — आणि जी अर्धी माहीत आहे ती खोटी. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. पण लगेच मुद्द्यावर येईन असं समजू नका. याआधी दोनदा लिहायला बसलो होतो, आणि दोन्ही वेळा बशीरचाचांच्या दुकानाचं कौतुक लिहून उठलो.

अमडापुरात बशीरचाचांचं मोटर भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की लोक ती त्यांच्याकडे आणत. आतली जळकी तार काढायची, तांब्याची नवी तार गुंडाळायची — आमच्याकडे याला मोटर भरणं म्हणतात. त्यांच्या भिंतीला भिंत लावून माझा कॉम्प्युटर क्लास. मी शेजारच्या उंद्री गावचा, रोज गाडीवर यायचो. सकाळी पोरं, संध्याकाळी पोरं, आणि दुपारी बारा ते चार काहीच काम नाही. त्या दुपारी — काय सांगू — त्यातली एक जरी परत मिळाली ना, तर मी दुसरं काही मागणार नाही.

मला लहानपणी पायलट व्हायचं होतं. हसा, हरकत नाही. झालो कॉम्प्युटरचा मास्तर. पण कॉम्प्युटरवर विमान चालवायचा प्रोग्राम मिळतो, सिम्युलेटर म्हणतात त्याला, तो मी लावून घेतला होता. एका दुपारी चाचा चहा घेऊन आले आणि बघतात तर मी कीबोर्डची बटणं दाबत विमान उडवतोय. त्यांना ते काही पटेना. "हे काय टायपिंग करून राह्यला बे मास्तर? विमान चालवाचं तं हाताले कायतरी लागलं पाह्यजे ना."

मग दीड वर्ष आम्ही ते कायतरी बनवत होतो. भंगारातल्या जीपची सीट. विमान वळवायला, वर-खाली न्यायला त्याच जीपच्या गिअरचा दांडा. इंजिनाचा जोर कमीजास्त करायला ट्रॅक्टरचा हाताचा ॲक्सिलेटर. मोटर स्टार्टरच्या डब्यांतले खटके, आणि ते बसवायला पत्र्याचं पॅनल. आतलं सगळं वायरिंग, सगळं सोल्डरिंग चाचांचं. आणि त्या दांड्याचं, खटक्यांचं म्हणणं सिम्युलेटरला कळवणारा प्रोग्राम माझा. हे एवढं लक्षात असू द्या — हात त्यांचे होते, प्रोग्राम माझा.

चाचा कधी विमानात बसले नव्हते. मीही नाही. पण उडालो की त्यांना एकच हौस — आपलं गाव वरून बघायचं. मी नकाशावरून अंदाजाने विमान न्यायचो आणि खाली नुसती पिवळी-तपकिरी जमीन दिसायची, घर नाही की झाड नाही. प्रोग्राम बनवणाऱ्यांना अमडापूर कुठलं माहीत असणार? चाचा मात्र पडद्याच्या जवळ वाकून बोट ठेवायचे — इथं मशीद असन, इथं आपलं दुकान, हे तुह्यं उंद्री. मी हो हो म्हणायचो. वार्निशचा वास, त्यांच्या हाताची तांबूस बोटं, गार झालेला चहा... पाहा, मी परत तेच लिहायला लागलो.

एकच त्रास होता. लाइन जायची, म्हणजे वीज. आमच्याकडे लाइन दिवसातून तीनदा गेली तर कोणी मानही वर करत नाही, पण तासभर उडून विमान उतरायच्या बेतात आलं आणि पडदा काळा झाला की चाचा कपाळावर हात मारून घ्यायचे. म्हणून मी डोकं चालवलं. प्रोग्राममध्ये अशी सोय केली की विमान कुठे आहे, किती उंचीवर, दांडा किती पुढे, कोणता खटका चालू — याची नोंद सारखी एका फाइलमध्ये होत राहील. लाइन आली की प्रोग्राम शेवटची नोंद वाचायचा, जुनी फाइल पुसून नवी सुरू करायचा आणि विमान होतं तिथून पुढे उडायचं. चाचांनी माझी पाठ थोपटली होती. मी तर हवेतच होतो. ही अक्कल अख्ख्या तालुक्यात फक्त आपल्याला, असं वाटायचं.

मग आमचा व्हिडिओ कोणाकोणाच्या मोबाइलवर फिरला आणि विमान शिकवणाऱ्या एका संस्थेच्या साहेबांचा फोन आला. त्यांना नवशिक्या पोरांना खटक्यांचा, दांड्याचा सराव द्यायला अशी चार यंत्रं हवी होती. बघायला येतो म्हणाले. मी फोन ठेवल्या-ठेवल्या चाचांनी मला तीन वेळा विचारलं, "खरंच पोरं याच्यावर शिकतीन?" पस्तीस वर्षं लोकांच्या जळक्या मोटारी भरल्या त्या माणसाने. आपल्या हाताची वस्तू कोणी परगावाहून बघायला येतंय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

साहेबांसमोर लाइन गेली तर नाक कापलं जाईल, म्हणून चाचांनी आदल्या दिवशी कुठून कुठून दोन मोठ्या बॅटऱ्या आणून इन्व्हर्टरला जोडल्या. मी म्हणालो, आता मशीन बंदच करायला नको; सकाळी सुरू झालं नाही तर? तसंच चालू ठेवलं. दीड वर्षात पहिल्यांदा आमचं यंत्र रात्रंदिवस न थांबता चाललं.

साहेब आले. जीपच्या सीटवर बसले, खटके दाबून पाहिले, खूश झाले. मग विमान उडवायला घेतलं. त्यांनी दांडा पुढे केला — आणि विमान ऐकेना. एक, दोन... मग ऐकलं. त्यांनी मागे घेतला, तेही उशिरा. पडद्यावरचं चित्र सुरळीत पळत होतं, म्हणजे कॉम्प्युटर दमलेला नव्हता. फक्त हाताने सांगितलेलं विमानाला उशिरा पोचत होतं. उतरताना धावपट्टी सोडून बाजूच्या मातीत गेलं. साहेब काही चिडले नाहीत. वळून साधं विचारलं, "अडचण सॉफ्टवेअरमध्ये आहे की हार्डवेअरमध्ये?"

आता सांगतो. आता सांगायलाच पाहिजे.

मला काहीच माहीत नव्हतं. माहीत नाही, बघून सांगतो, एवढंच म्हणायचं होतं. पण मला त्या माणसापुढे हुशार दिसायचं होतं. चार यंत्रं झाली की हे आपल्याला तिकडेच बोलावतील, कॉम्प्युटरच्या कामाला, असे मांडे मी मनात खात होतो. मी माझ्या ठेवणीतल्या मराठीत बोललो — वर्गातसुद्धा जी बोलत नाही ती. म्हणालो, "सर, सॉफ्टवेअर एकदम ओके आहे. वायरिंग लोकल आहे ना. आमच्या चाचांचं वय झालंय, नजर कमी झाली आहे. सोल्डर कुठेतरी कच्चं राहिलं असणार."

चाचा तिथेच उभे होते, हातात चहाचे कप घेऊन. त्यांनी कप ठेवले, आणि स्वतःच्या बोटांकडे बघितलं. बस.

साहेब म्हणाले, दुरुस्त करा आणि कळवा.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच क्लास बंद ठेवून तपासायला बसलो. मला खात्री होती — हो, खरंच खात्री होती — की वायरीतच काही निघेल. आधी एक छोटा प्रोग्राम लिहिला, फक्त दांडा आणि खटके वाचणारा. खटका दाबला की आकडा तत्काळ बदलत होता. दांडा नखभर सरकवला तरी आकडा सरकत होता. म्हणजे चाचांच्या बाजूला सगळं चोख. मग माझा प्रोग्राम उघडला. ती नोंदींची फाइल फुगून एवढी झाली होती की उघडायलाच वेळ लागला. माझा शहाणा प्रोग्राम नवी नोंद लिहायच्या आधी दर वेळी जुनी सगळी फाइल वाचून काढत होता. रोज लाइन जायची, फाइल पुसली जायची, म्हणून दीड वर्षात ते कधी दिसलं नाही. ज्या दिवशी चाचांनी लाइन जाऊ दिली नाही, त्या दिवशी माझी चूक बाहेर आली. मी प्रोग्राममधली ती एक ओळ काढून टाकली. दांडा हलवला, तर विमान लगेच ऐकायला लागलं.

नाचता येईना अंगण वाकडं — ही म्हण मी पोरांना किती वेळा ऐकवली असेल.

मी सांगायलाच गेलो होतो. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मधल्या भिंतीला वळसा घालून दुकानात गेलो तर चाचा खाली बसलेले, पुढ्यात पॅनल उलटं केलेलं, डोळ्याला भिंग लावलेलं. खटके तपासून मी प्रोग्राममध्ये डोकं घातलं तेव्हाच त्यांनी खटक्यांचं पॅनल उचलून नेलं होतं, आणि तेवढ्या वेळात सगळ्या तारा तोडून टाकल्या होत्या. एकूण एक. मला बघून म्हणाले, "बरं केलं बे मास्तर, साहेबाच्या तोंडावर खरं सांगतलं. दुसरा असता तं मले बरं वाटावं म्हणून झाकून नेलं असतं."

यावर मी काय केलं? शेजारी बसलो आणि तारा सोलायला लागलो.

तीन आठवडे त्यांनी ते सगळं परत केलं. प्रत्येक जोड भिंगाखाली. दुरुस्तीच्या मोटारी दारात साचल्या, गिऱ्हाइकं कुरकुरली, यांनी लक्ष दिलं नाही. मी समोर बसून बघायचो, आणि रोज वाटायचं, आज. आज चहा झाला की सांगू. आज ते हसले की सांगू. ते हसायचे कमी झाले होते. शेवटी यंत्र जोडलं, विमान हातासरशी वळलं, आणि चाचा हळूच म्हणाले, "पाह्य. चूक माह्याच हाताची होती." मी हो म्हणालो. मान हलवून नाही, तोंडाने हो म्हणालो.

मी साहेबांना फोन लावायला निघालो तर त्यांनी माझा हात धरला. नको म्हणाले. एक बनवताना हात चुकला, चार कसे बनवू? लोकांची लेकरं त्याच्यावर विमान शिकतीन, त्यांच्या जिवाशी खेळ नको. मी एका वाक्यात ते थांबवू शकत होतो. एकाच वाक्यात. काऊन नाही बोललो? त्याचं उत्तर शोधत सात वर्षं घालवली, आणि जे सापडतं ते इतकं हलकं आहे की लिहायची लाज वाटते — खरं बोलणारा मास्तर म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, आणि ते बघणं मला सोडवत नव्हतं.

त्यानंतर चाचा मोटारीसुद्धा भिऊन भरायला लागले. भरलेली मोटर परत खोलायचे, परत बघायचे. आलेल्या माणसाला म्हणायचे, दुसरीकडे दाखव बाप्पा, माह्यं काही खरं नाही. वर्षभरात दुकान बंद केलं आणि मुलाकडे भुसावळला राहायला गेले. जाताना यंत्र मला दिलं. माझ्या घरी वरच्या खोलीत आहे ते. कधी दुपारी बसतो त्या सीटवर, दांडा पुढे करतो, विमान तिथल्या तिथे ऐकतं. त्यांच्या पहिल्या तारांवरही ते असंच ऐकलं असतं. अमडापुरावरून जातो, खाली पिवळी जमीन असते, पण मशीद कुठे, दुकान कुठे, हे दाखवणारं बोट नसतं. मला त्या माणसाची फार आठवण येते. ज्याला आपणच घालवलं त्याची आठवण काढायचा हक्क असतो का, माहीत नाही. येते, एवढं खरं.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे साफ, पेपर चष्म्याशिवाय वाचतो म्हणाले. मला फार बरं वाटलं, तसं म्हणालोही. मी फोन ठेवायच्या बेतात होतो.

"मी डॉक्टरले इचारलं," ते म्हणाले. "म्हटलं, सात वर्षांआधी सोल्डर कच्चं राह्यलं होतं, ते या डोयापायीच असन ना? तं तो म्हणे, नाही चाचा, तुमचा मोतीबिंदू दोन-तीन वर्षांचा, तवा तं नजर चांगली असन तुमची." मग चाचाच म्हणाले, "म्हणजे डोये नव्हते गेले मास्तर. हातच गेला होता. नाही का?"

मी म्हणालो, हाव चाचा.

मग त्यांनी विचारलं, अमडापुरात पाऊस झाला का. झाला, म्हणालो. ते तेवढं खरं होतं.