आबांची भावकी

माझे सासरे, आबा, समोर आलेल्या माणसाचं नाव कधी आधी विचारत नसत. "कोनाचा रं तू?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग तो पार्सल घेऊन आलेला मुलगा असो, बँकेतला साहेब असो, नाहीतर दातांचा डॉक्टर. डॉक्टरांना तर त्यांनी तोंडात कापूस कोंबलेला असताना हे विचारलं होतं. समोरचा थेट बिहारचा निघाला तरी आबा माघार घेत नसत. त्याच्या बापाचं नाव, आजाचं नाव, गावात घर कुठे, सगळं काढून घेत आणि मग समाधानाने म्हणत, "हां, आता बस." कोण कुणाचा हे कळेपर्यंत त्यांच्या लेखी माणूस दारातच उभा असायचा.

तळवलीत जुनं घर पाडून बांधलेल्या इमारतीत आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली भाडेकरू. मी डोंबिवलीची. आमच्याकडे चुलत चुलत्याचा मुलगा रस्त्यात भेटला तर ओळख लागेलच असं नाही. इथे आले आणि भावकी म्हणजे काय ते कळलं. एका पुरुषाचा वाढलेला सगळा विस्तार ती भावकी. तिच्यातल्या एका घरात मयत झाली की सगळ्या घरांना सुतक. पुरुषांनी डोकी करायची, म्हणजे केस उतरवायचे, मिशाही उतरवायच्या, कुठे मांडव पडला असेल तर कार्य पुढे ढकलायचं. कोण भावकीत आणि कोण नाही याचा निकाल गावात आबा देत. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण त्यांच्याइतकी ठाम मान कुणी हलवत नसे.

माझ्या वरातीतली एक गोष्ट मला आठवते. गल्लीच्या तोंडाशी एक घर होतं. सगळं गाव नाचत होतं आणि त्या घराचं दार अर्धं उघडं होतं. आत जमिनीवर एक दिवा जळत होता. मी नव्या नवरीच्या आवाजात सासूबाईंना विचारलं, "हे लोक नाही आले?" त्या म्हणाल्या, "ते आपल्यातले नाय." मी तेवढ्यावर पुढे चालले. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेलं आणि मी ते विसरूनही गेले.

बऱ्याच वर्षांनी माझ्या नवऱ्याच्या, नितेशच्या, दुबईतल्या लांबच्या चुलतभावाने एका वेबसाइटवर भावकीचा वृक्ष सुरू केला. ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने त्यात भरायचं. मी कॉम्प्युटरवाली सून, म्हणून लेखनिक मी. संध्याकाळी आबा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "लिव." नावं धबाधबा येत. घणसोली, पनवेल, उरण, सगळीकडून माणसं भर घालत होती आणि आबा प्रत्येक नोंद तपासत होते. उरणच्या एकाने आबांच्या चुलत्याला चुकून त्याच्याच भावाचा मुलगा करून टाकलं, तेव्हा आबांनी त्याला फोन लावला. "माज्या काकाला तू पुतन्या केलास, रं! त्याला कलला असता त काठी घेऊन आयला असता!" इतके आनंदात मी त्यांना नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

मग दुबईवाल्याने डीएनए तपासणीच्या नळ्या पाठवल्या. नळीत थुंकायचं, बंद करून पाठवायचं, आणि जगात आपलं रक्ताचं कोण कुठे आहे ते वेबसाइटवर दिसणार. "थुकून भावकी कलते?" आबा म्हणाले. "मंग मी बादली भरतो." निकाल येईपर्यंत ते रोज मला विचारत, दहावीच्या पोराच्या बापासारखे.

निकाल आला तो रविवार होता. यादीत दुबईवाला होता, उरणचा होता. पण सगळ्यांच्या वर एक अनोळखी नाव होतं. प्रणाली, राहणार खारघर. पुढे लिहिलं होतं, जवळचं नातं, बहुधा पुतणी. आबांना भाऊच नव्हता. मी हसत म्हटलं, "आबा, ही कोणाची हो?" त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला. नर्सच्या गणवेशातली एक सावळी मुलगी होती. आबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बंद कर ते."

दुपारी तिचाच मेसेज आला. मी तो आबांना वाचून दाखवला. "नमस्कार. माझे वडील हरिश्चंद्र, मूळचे तळवलीचे. ते आता नाहीत. तुम्ही त्यांचे कोण लागता?" आयुष्यभर लोकांना हेच विचारणारे आबा उठून गच्चीवर गेले.

स्वयंपाकघरात नितेशने मला सांगितलं. आबांच्या वडिलांचं मिठागर होतं, तिथे हरिश्चंद्रची आई कामाला होती. तिचा मुलगा कुणाचा, हे गाव कुजबुजायचं, पण आबांच्या वडिलांनी कधी कबूल केलं नाही आणि त्यांच्या मागे आबांनीही नाही. हरिश्चंद्र गेला तो अचानक, छातीत दुखून, सकाळी. आमच्या दारात मांडव पडलेला, आचारी आलेला, हळदीला नाचायला बेंजो बँड ठरलेला. गावातली जुनी माणसं आबांकडे आली आणि त्यांनी विचारलं, सुतक धरायचं का? आबा म्हणाले, "आमच्या भावकीत नाय तो." आणि संध्याकाळी बेंजो वाजला.

"कुणाच्या हळदीत?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

नितेश म्हणाला, "आपल्या."

मी तेव्हा डोंबिवलीत हातावरची मेंदी सुकवत बसले होते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे सगळं खरं. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो दिवा मी पाहिला होता. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये हळदीचे फोटो आहेत, आबा खांद्यावर भावकीतली पोरं घेऊन नाचताहेत. तो अल्बम मी माळ्यावर टाकला.

"झालं गेलं," नितेश म्हणाला. "आता उगाच टेन्शन नको घेऊस. तिला काही रिप्लाय देऊ नको, बस." मी त्याच्यावर चिडले आणि आबांवर त्याहून जास्त. त्यांचं ताट वाढायचे, पण बोलायचे नाही. शेवटी आबाच माझ्याजवळ येऊन बसले.

"मशीननं सांगितला म्हनून कलला, असा समजू नको," ते म्हणाले. "माना म्हायती व्हता. हऱ्या चालायचा ना, त बाबाच चालतान असा वाटायचा. तो पुढं असला का मी दुसऱ्या गल्लीनं जायचो."

"मग?"

"हलद व्हती," ते म्हणाले. "मानसां जेवायला येनार व्हती."

मी वाट पाहिली, की आणखी काही कारण येईल. जमिनीचं भांडण, आईला दिलेला शब्द, काहीतरी. पण नव्हतंच. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं झालं याची त्यांना इतकी लाज वाटत होती की त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. मी विचारलं, "काय लिहू तिला?" ते म्हणाले, "लिवायचा नाय. जायाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सलूनमधून आले ते डोकं करून आणि मिशी उतरवून. ती मिशी ते रोज छोट्या कंगव्याने विंचरत. सासूबाई किंचाळल्याच, "अवो, कोन गेला?"

"माजा भाव," आबा म्हणाले.

खारघरला दार उघडलं ते हरिश्चंद्रच्या बायकोने, सुगंधाबाईंनी. मिशी नसतानाही त्यांनी आबांना ओळखलं. त्यांनी आम्हाला आत घेतलं, बसवलं, पाणी आणलं. मयताला भेटायला गेल्यासारखं आबांनी पाण्याला हात लावला नाही. प्रणाली आईच्या खुर्चीमागे उभी होती.

मग सुगंधाबाई म्हणाल्या, "तुमचा बेंजो आमच्या घरात आयकू येत व्हता. मी हिचे कान दाबून बसलेली. खांदा द्यायला मानसां कमी परली. नाक्यावरचे रिक्षावाले आयले."

"हाव," आबा म्हणाले.

"डोका माज्या भावानं केला. त्याला त सुतकपन नव्हता."

आबांनी हात जोडले. सुगंधाबाई त्यांच्या डोक्याकडे बघत राहिल्या. "केस येतील परत, आबा," त्या म्हणाल्या. आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. आबा उठले आणि सुतकाच्या घरातून निघतात तसे, 'येतो' न म्हणता निघाले. लिफ्टमध्ये ते एवढंच बोलले, "खरा बोलली ती."

त्यानंतर आबांनी केस येऊच दिले नाहीत. जरा काळं-पांढरं दिसायला लागलं की ते सलूनमध्ये जात. घरी बसून माझ्याकडून त्यांनी वृक्षात वडिलांच्या खाली, आपल्या शेजारी हरिश्चंद्रचं नाव लिहून घेतलं. कुणीतरी ते काढलं. आबा म्हणाले, "लिव परत." पुन्हा काढलं. "लिव परत." फोन आले, आबांच्या वडिलांच्या इभ्रतीच्या गोष्टी झाल्या. आबा सगळं ऐकून घेत आणि फोन ठेवला की मला म्हणत, "बघ, हाय ना अजून?" काढणाराच शेवटी कंटाळला.

पण खरी परीक्षा रस्त्यावर होती. गोटा केलेला माणूस दिसला की गाव विचारणारच. "आबा, कोन गेला?"

"भाव गेला."

"कवा?"

"नितेशची हलद व्हती ना, त्या दिवशी."

विचारणारा बहुतेक वेळा त्या हळदीत जेवलेला असायचा. तो चपलेकडे बघत पुढे जायचा. सोबत असले की मलाही तोंड कुठे लपवू असं व्हायचं, कारण प्रत्येक उत्तरात माझं लग्न होतं. एकदा मी म्हटलंच, "आबा, पुरे आता."

"तुना लाज वाटते?"

"हो."

"माना पन," ते म्हणाले आणि चालायला लागले. "कोनाचा रं तू?" हे मात्र त्या खारघरच्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पार्सलवाला आला की नुसतं "बस" म्हणत.

आबा गेल्या वर्षी गेले. दहाव्याला प्रणाली एकटी आली आणि बायकांत बसली. एका म्हातारीने तिला विचारलं, "कोनाची गो तू?" ती म्हणाली, "हरिश्चंद्रची." म्हातारी तिच्यासाठी सरकून बसली. सुगंधाबाई आल्या नाहीत. त्यांनी यावं असं मला वाटलं होतं, याचीही मला नंतर लाज वाटली.

दहाव्याला उतरवलेले नितेशचे केस आता पुरते वाढले होते. परवा आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली स्कूटर थांबली. खालच्या भाडेकरूचा आवाज आला, "अरे नितेशभाऊ, परत डोकं? आता कोण गेलं?"

मी खाली पाहिलं. नितेशच्या डोक्यावर केस नव्हते, मिशी नव्हती.

"काका," तो म्हणाला.

"अरेरे. कधी?"

नितेश चावी हातात फिरवत उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी थातुरमातुर सांगून वर येईल.

"माझी हळद होती," तो मान खाली घालून म्हणाला, "त्या दिवशी."