तीन ओळी गुंड्यांचा कोट

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी तो कोट येतो, माणसं मागाहून येतात. साठीच्या दशकातली गोष्ट. मी पालघर ठाण्यात शिपाई होते. खाकीतली बाई बघायला लोक तेव्हा कुंपणाशी थांबायचे. पुढे जमादार होऊन निवृत्त झाले, खुनाचे आणि दरोड्याचे तपास पाहिले, पण नातवंडं अजून हीच गोष्ट मागतात. नावं मात्र मी सांगणार नाही. त्यातली घरं आजही मला लग्नाकार्याला बोलावतात, जेवणावर पाणी का सोडू?

खबर आणली बोईसर स्टेशनावरच्या एका टांगेवाल्यानं. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती आणि फौजदारसाहेब स्टेशन डायरी लिहीत होते. हा दारात चपला काढून उभा राहिला.

"साहेब, मी कोणाचं वाईट सांगत नाय. पर चिंचणीची तीन माणसं मुंबैला मयताला गेलेली, ती दुसरे दिवशी माझ्याच टांग्यात परत आली. सारा रस्ता हसत व्हती. एक तर गात व्हता."

"मग?" साहेब म्हणाले.

"मयतावरून कोण गात येतं, साहेब? आन् जो मेला, त्याचा न् यांचा वाडीच्या बांधावरनं जुना वाद हाय."

साहेबांनी टाक खाली ठेवला. ते नवे होते, तरुण होते, आणि हद्दीत तोवर कोंबड्या चोरण्यापलीकडे काही घडलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण दु:खही म्हणणार नाही.

ते तिघे कोण, ते सांगते. एक चिकूची वाडी असलेले पोटसुटे गृहस्थ, त्यांना वाडीवाले म्हणू. दुसरा त्यांचा दोस्त शिंपी. तिसरा बांगडीवाला, काडीसारखा बारीक. मेले ते वाडीवाल्यांचे लांबचे काका, मुंबईला चाळीत एकटे राहणारे. भांडणापासून त्यांचं येणं-जाणं बंद होतं.

आता खरी अडचण ऐका. वाडीवाल्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. मांडवाचे वासे अंगणात येऊन पडले होते. काका लांबचे, तीन दिवसांत सुतक फिटेल असा वाडीवाल्यांचा हिशोब होता. पण त्यांच्या म्हाताऱ्या आईनं बोटांवर पिढ्या मोजल्या आणि निकाल दिला, "दहा दिवस!" लग्नाची तारीख त्या दहा दिवसांतच पडत होती. पुढे मुहूर्त नव्हते. नवऱ्याकडचे बेटेगावचे, त्यांच्यात मुलीच्या पायगुणाची कुजबुज सुरू झाली होती आणि मुलाला दुसरं स्थळही सांगून आलं होतं. पोरगी माजघरात तोंड लपवून बसली होती.

साहेबांनी तिघांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. काका कशानं गेले? शिंपी म्हणाला, तापानं. बांगडीवाला म्हणाला, जिन्यावरून पडून. वाडीवाले म्हणाले, झोपेत.

साहेबांनी तिन्ही जबाब पुढ्यात ठेवून विचारलं, "म्हणजे ताप आला म्हणून झोपले, आणि झोपेतच जिन्यावरून पडले?"

"तसंच असेल, साहेब," वाडीवाले म्हणाले. "आमी मधल्या वेळी चहाला गेलो व्हतो."

साहेबांनी त्याच वेळी मुंबईच्या पोलिसांना निरोप पाठवला की त्या पत्त्यावर जाऊन मयताची चौकशी करा.

मला पाठवलं बायकांचे जबाब घ्यायला. पुरुषमाणूस फौजदाराला घाबरून गप्प बसतो, बाई मात्र समोरच्या बाईला चहा देते आणि मग बोलते, हा माझा अनुभव. वाडीवालीण बाई अंगणात लाकडं फोडत होती. सुतकाचे सगळे नियम तिनं नवऱ्याला कडक लावले होते. जमिनीवर चटई, फोडणी बंद, पहाटे विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ.

मी विचारलं, "मयतावरून आले तेव्हा तुम्हाला काही वेगळं वाटलं?"

"मयतावरून आलेला माणूस अंगणात थांबतो, अंगावर पाणी घेतो," ती कुऱ्हाड न थांबवता म्हणाली. "हे सरळ माजघरात आले आन् म्हणतात, जेवाया काय हाय? मी म्हटलं, दु:खात इसरले असतील."

एवढं बोलून ती पुढचं लाकूड घेऊ लागली. मी मनात म्हटलं, किती भोळी बाई! ही माझी चूक होती, पण ते नंतर.

तिथून मी शिंप्याच्या दुकानात गेले. बायकोनं पाट दिला. मी बसले आणि समोरच्या खुंटीवर पाहिलं तर एक काळा कोट. आता चिंचणीत कोट घालतं कोण? मास्तरांचा एक, डॉक्टरांचा एक, दोन्ही माझ्या ओळखीचे. मी हात लावून पाहिला. माझ्या गणवेशाची उसवण-शिवण मीच करायचे, त्यामुळे डोळा तिकडेच गेला. त्या कोटाला गुंड्यांच्या तीन ओळी होत्या. एक काठाला, एक मध्ये आणि एक पार आत, काखेच्या बाजूला. आणि अस्तराला असा अत्तराचा वास, की मयतावर शिंपडायला इतकं कोणी आणत नाही.

"कोणाचा गं?"

"गिऱ्हाइकाचा."

"गिऱ्हाइकाला पोटं किती आहेत?"

ती तोंडाला पदर लावून आत पळाली.

मी पंचांसमक्ष कोट ताब्यात घेतला आणि ठाण्यात येऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "बाई, रक्ताचा डाग आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब, पण घालून बघायला लावा." वाडीवाल्यांना घातला, काठाच्या ओळीवर अचूक बसला. शिंप्याला घातला, मधली ओळ. बांगडीवाल्याला घातला, आतली. तिसऱ्या ओळीची गुंडी लागली तसा शिंपी रडू लागला.

वाडीवाले मात्र हात जोडून म्हणाले, "साहेब, खून लिवा. माझी ना नाय. पर घरी सांगू नका."

पोलिसात आल्यापासून असा कबुलीजबाब मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि परप्रांतातले कामगार बोईसरच्या चहाच्या टपरीवर बसायचे. त्यातल्या एकानं या तिघांना मुंबईच्या एका नाचाच्या हॉटेलाचं वर्णन ऐकवलं. "भाईसाब, एक बार देख लो, फिर मरो तो भी चलेगा." झालं! हिवाळाभर तिघे शिंप्याच्या दुकानात बेत आखत बसले. आत जायला कोट लागतो हे कळलं. तीन कोट शिवले तर गावभर होईल, म्हणून एक शिवला. मुक्कामाला कारण काय? मयत. "मयताला कोणाची बायको आडवी येत नाय, साहेब," बांगडीवाला म्हणाला. आणि माणूस कोणता? तर ज्याची कोणी चौकशी करणार नाही असा. काका.

"मग पाहिलात का नाच?" साहेबांनी विचारलं.

"एक कोट, साहेब. पाळीपाळीनं आत गेलो," शिंपी डोळे पुसत म्हणाला. "वाडीवाल्याच्या पाळीला बाजा वाजवणारे आले. माझ्या पाळीला दिवे लावले-विझवले. नाच ह्या बांगडीवाल्याला मिळाला, आन् हा लाजून डोळे मिटून बसला!"

"पूर्ण नाय मिटले," बांगडीवाला म्हणाला.

"आणि काका?" साहेब ओरडले.

"असतील की मुंबैला. आमाला भेटायला वेळच नाय झाला."

तेवढ्यात दारात टांगा थांबला. छत्री घेतलेले एक ताठ म्हातारे उतरून आत आले. "चिंचणीच्या मयताची चौकशी इथेच चालली आहे ना?" ते म्हणाले. "मयत मीच. काल तुमचा मुंबईचा हवालदार मला विचारून गेला, तुमचं प्रेत कुठे आहे म्हणून."

साहेब उभे राहिले. वाडीवाल्यांनी काकांच्या पायांवर लोटांगण घातलं.

साहेब चिडले होते. हॉटेलात घेतली असणारच, दारूबंदीचा गुन्हा लावतो म्हणाले. त्यांच्या हातचा खून गेला होता, माणसानं रागवायचं तरी कशावर? मी म्हटलं, "साहेब, हद्द मुंबईची आणि मुद्देमाल केव्हाच जिरला. गुन्हा लावला की कारण गावात फुटणार. सुतक उतरेल, पण बेटेगावचे लग्न मोडून जातील. शिक्षा पोरीला होईल."

काका इतका वेळ कोट उलटसुलट करून बघत होते. ते म्हणाले, "आमच्या चाळीत माझ्याच नावाचा दुसरा माणूस होता, तो गेला. निरोप चुकून इथे आला, आणि ही माणसं पोचेपर्यंत प्रेत जळलं होतं. हे मीच घरी सांगतो. मेलेल्या माणसाशी कोण वाद घालतंय? पण लग्नात अंतरपाटाचं एक टोक मी धरणार. बांधाचा वाद तिथेच मिटला. आणि हा कोट मला हवा."

काका चिंचणीत सगळ्यांना दिसतील असे चालत गेले. म्हातारीनं आधी त्यांना चिमटा काढून पाहिला आणि मगच सुतक उठल्याचं जाहीर केलं. तिन्हीसांजेला त्या घरात फोडणी पडली, ती शेजारच्या आळीपर्यंत ऐकू गेली असं म्हणतात.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. पंगतीत वाडीवालीण माझ्या पानात जिलबी वाढायला वाकली आणि कानाशी म्हणाली, "पोलीसबाई, टांगेवाल्याला मीच पाठवलेलं."

मी तिचा पदर धरून तिला थांबवलं.

"दारात आले तवाच वासावरनं कळलेलं. पर सासू समोर, भाऊकी समोर, नवऱ्याला खोटारडा कशी म्हणू? आन् नाय म्हटलं तर माझ्या पोरीचं लग्न जातं. म्हणून म्हटलं, सरकारच येऊ दे."

"मग ती चटई? ते गार पाणी?"

"सुतक हाय म्हटल्यावर पाळाया नको?"

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली, ती पुढे प्रत्येक तपासात उपयोगी पडली. खबर कोणी दिली ते डायरीत लिहितात. ती कोणी द्यायला लावली, ते कोणी विचारत नाही. तिथे आधी विचारावं, आणि लाकडं फोडणाऱ्या बाईला भोळी समजू नये.

शेवटचं एक सांगून थांबते. दिवाळीनंतर वाडीवालीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तिथं बायकांना घेतात का हो?" मी रजा टाकली. आम्ही दोघी निघालो, कोणालाही मारावं लागलं नाही. काकांची तब्येत नरम आहे, एवढंच सांगितलं. तिच्या नवऱ्यानं एक प्रश्न विचारला नाही. हॉटेलच्या दाराशी काका उभे होते, तोच कोट घालून, मधल्या ओळीच्या गुंड्या लावून.

नाच संपला, दिवे लागले. तिनं सरबताचा पेला खाली ठेवला आणि काकांकडे वळली.

"एवढ्याचसाठी तुमाला मारलं व्हय?"

काकांनी कोटाच्या गुंड्या सोडल्या आणि पुन्हा लावल्या. त्यांनाही ते जरा लागलं असावं.