लेस्टर हसत आला तो मंगळवार

वर्ना टॉर्गर्सन आमच्या दवाखान्यात आली त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दवाखाना माजी सैनिकांचा, आणि तोही लहानसा. मोठं इस्पितळ दोनशे मैल लांब. आमच्याकडे एक डॉक्टर, दोन नर्स, वर्ना, आणि पुढच्या टेबलाशी मी, रमोना. मीही सहा वर्षं फौजेत ट्रक चालवलाय. त्यामुळे येणारे लोक माझ्याशी जरा मोकळेपणानं बोलतात, म्हणजे शिव्या देतात.

वर्नाचं काम समजावून सांगायला अवघड. ज्यांना लढाईवरून आल्यापासून झोप नाही, ज्यांची दारू सुटत नाही, ज्यांच्या बायका घरात दबकत वावरतात, असे लोक तिच्या खोलीत येऊन बसतात आणि ती ऐकते. मग पेन्शनच्या कचेरीशी भांडते, कुणाला घर मिळवून देते, कुणाच्या भावाला फोन करून झापते. उंच, रुंद खांद्यांची बाई. आवाज असा की शेजारच्या खोलीतला माणूसही नीट बसावा. हिला कशाची भीती वाटत असेल असं कुणाच्या मनातही येत नसे. माझ्याही आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं. रोज सकाळी ती अंगातला कोटही न काढता माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचलायची आणि निधनवार्तांचं पान उभ्याउभ्या वाचायची. सगळी नावं. मग पेपर घडी करून ठेवायची आणि मला म्हणायची, "हं, कॉफी झाली का?"

एकदा मी विचारलंच. "कुणाला शोधतेस गं रोज?"

"माझ्याकडे येणाऱ्यांतला कुणी नाही ना, ते बघते."

तिचे वडील कोरियाच्या युद्धातून परतलेले. सकाळी दारात बूट घालताना ते पाय कसे आपटतात, त्यावरून पोरांना कळायचं की आज बोलायचं की गप्प राहायचं. एका हिवाळ्यात ते गोठ्यात गेले आणि तीन दिवस बाहेरच आले नाहीत. आई दारापाशी ताट ठेवून यायची. पोरांना सांगितलं होतं, गाय आजारी आहे. वर्ना नऊ वर्षांची होती. ती गोठ्याच्या दाराशी जाऊन बसायची आणि आतून काही आवाज येतो का ते ऐकायची.

आणि मग ओरिन डाल. तिचं इथलं सहावं वर्ष असेल. एका शुक्रवारी ओरिन आला, दोन विनोद सांगितले, खूप बरं वाटतंय म्हणाला. वर्नानं फाइलमध्ये लिहिलं, 'सुधारणा'. रविवारी त्यानं जीव दिला. तिला कुणी काही बोललं नाही. पण त्यानंतर तो शब्द तिनं कुणाच्याच फाइलमध्ये लिहिलेला मी पाहिला नाही.

लेस्टर कुबेन म्हणजे इराकला दोनदा जाऊन आलेला मेकॅनिक. वय एक्केचाळीस. बायको मुलीला घेऊन बिस्मार्कला गेलेली, हा चौतीस मैलांवरच्या बापाच्या शेतावर एकटा. दर मंगळवारी दहा वाजता यायचा आणि आल्याआल्या कुरकुर सुरू. "रमोना, ही कॉफी आहे की ट्रॅक्टरमधून काढलेलं तेल?"

"ट्रॅक्टरचंच. तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं," मी म्हणायची. यावर तो कधी हसला नाही. हसणं त्याच्यात उरलंच नव्हतं.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी मात्र तो हसत आला. दाढी गुळगुळीत, केस नुकते कापलेले. हातात चोकचेरी नावाच्या रानफळाच्या जॅमची बरणी.

"हे तुला. बायकोनं केलेला, शेवटची बरणी राहिली होती."

"अरे वा! आज काय, लग्न आहे का तुझं?"

"तसंच समज," तो म्हणाला, आणि माझ्या हातावर हलकेच थोपटून आत गेला.

खरं सांगते, मला आनंद झाला. चला, एक तरी माणूस मार्गाला लागला. तासाभरानं तो गेला आणि वर्ना बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रमोना, तो हसला."

"मग चांगलंच आहे की!"

"चौदा महिन्यांत एकदाही हसला नाही तो. आणि आज जाताना माझे आभार मानले. हात हातात घेऊन."

तिनं त्याला सरळ विचारलं होतं, जीव द्यायचं मनात आहे का. त्यानं तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, नाही. बंदुका भावाकडे दिल्यात म्हणाला. पुढच्या मंगळवारची वेळही घेतली. ज्यानं काही केलं नाही आणि जो काही बोलला नाही, अशा माणसाला कुठल्या कारणानं अडवायचं? डॉक्टरही तेच म्हणाला. वर्ना दिवसभर कामं करत राहिली, पण जेवणाचा डबा तिनं उघडलाही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला एड्ना वाइसचा फोन आला. तिचा नवरा आमच्याकडे गुडघ्यासाठी येतो. त्याची तारीख बदलायची होती. बोलताबोलता म्हणाली, "आमच्याकडे आता कुत्रा आलाय हो. लेस्टरनं काल आणून दिला. खाण्याची पोती, लस टोचल्याचे कागद, सगळं. लांब कुठं तरी जातोय म्हणाला."

मी फोन ठेवला आणि वर्नाच्या दारात जाऊन उभी राहिले. कुत्र्याचं सांगितलं.

तिनं लेस्टरला सात वेळा फोन लावला. मग त्याच्या भावाला. त्याच्याकडे बंदुका दिलेल्याच नव्हत्या. मग शेरीफच्या कचेरीत. त्या बाजूला असलेला एकमेव पोलीस उलटलेल्या ट्रकपाशी अडकला होता; यायला दीड तास लागणार होता. आणि लेस्टर तिला मागेच बोलला होता, माझ्या रस्त्यावर गणवेशातला माणूस दिसला तर जीव द्यायला मी थांबणार नाही. तेही तिनं शेरीफला सांगितलं. "या, पण फाटकाशी थांबा. भोंगा नको, दिवे नकोत."

डॉक्टर म्हणाला, "वर्ना, पोलीस येईपर्यंत थांब. नियम आहे."

तिनं खुंटीवरून गाडीची किल्ली काढली. "मी जाते."

"एकटीनं जायचं नाही हाही नियम आहे," मी म्हटलं. "शिवाय तुझं ड्रायव्हिंग मी पाहिलंय. आण ती किल्ली."

उणे वीस तापमान. वाऱ्यानं शेतातला बर्फ रस्त्यावरून आडवा वाहत होता, चाकांखाली डांबर दिसत नव्हतं. वर्ना दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसली होती. म्हणायची, "जोरात घे." दोन मैल गेले की, "अगं सांभाळून." एकदा म्हणाली, "ओरिनच्या वेळी मी..."

"आत्ता नको, वर्ना."

 मी तिला गप्प केलं ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. 

लेस्टरचा पिकअप अंगणात उभा होता. धुराड्यातून धूर नव्हता. घराचं दार उघडंच. स्वयंपाकघर लख्ख घासलेलं, टेबलावर कागदांचे गठ्ठे नीट लावलेले, आणि वर एक पाकीट, त्यावर मुलीचं नाव. वर्नानं त्याला हात लावला नाही. मागच्या दारातून बाहेर पडलो तर बर्फात पावलं उमटलेली दिसली. अवजारांच्या शेडकडे गेलेली. परत आलेली नव्हती.

वर्नानं माझी बाही घट्ट धरली. मग सोडली. "तू इथंच थांब. काही झालं तरी आत जायचं नाही. तूही नाही, मीही नाही."

मी वीसेक पावलांवर उभी राहिले. ती शेडच्या पत्र्याच्या दारापासून जरा बाजूला जाऊन थांबली.

"लेस्टर, मी वर्ना. बाहेरच आहे. आत येणार नाही."

 कुठं तरी एक पत्रा वाऱ्यानं वाजत होता. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, शिवी दे, काहीही दे.

"घरी जा, बाई."

 जिवंत होता.

"बंदूक आहे का जवळ?" वर्नानं विचारलं.

"आहे."

"हातात?"

"मांडीवर."

"बरं. मी इथं बादलीवर बसतेय."

"बसू नका. गोठाल."

"मग गोठेन." ती खरंच पालथ्या बादलीवर बसली. "काल माझ्याशी खोटं बोललास."

 "हो."

"छान बोललास. बंदुकांचं तर फारच छान."

आतून हसल्यासारखा किंवा खोकल्यासारखा आवाज आला. मग तो बोलायला लागला. तुटक, मध्येच थांबून. थकलोय म्हणाला. ख्रिसमसला पोरगी आली होती, त्याच्या हातून एक ताट पडून फुटलं आणि तो ओरडला. नुसताच ओरडला, मारलं नाही. "तर ती टेबलाखाली जाऊन बसली, बाई. आठ वर्षांची आहे. मी बोलावलं तर येईना. सगळी मला भितात. भाऊ भितो. एक तुम्हीच काय त्या भीत नाही."

 वर्ना समजुतीचं काही तरी बोलेल असं मला वाटलं होतं.

"भिते," ती म्हणाली.

"काय?"

"मी भिते, लेस्टर. आत्ता जबडा आवळून बसलेय, नाहीतर दात वाजलेले तुला ऐकू आले असते. काल रात्री डोळा लागला नाही. लहानपणी मी बापाला भ्यायचे. तो गोठ्यात जाऊन बसला तेव्हा अशीच दाराबाहेर बसले होते. भीत होते, आणि तरी तो बाहेर यावा म्हणून बसले होते. तुझी पोरगी टेबलाखाली बसून काय मागत होती ते मला विचार. मला माहीत आहे."

 वारा होता, पत्रा वाजत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला पायाची बोटं जाणवेनाशी झाली होती.

"बंदुकीचा बोल्ट काढ," वर्ना म्हणाली. "काढ आणि दाराखालून सरकव."

"मग काय होईल?"

"मग तू आत बसलेला असशील, मी बाहेर बसलेली असेन आणि ती बंदूक चालणार नाही. पुढचं पुढे बघू."

मग तो आवाज आला. लोखंड मागे खेचल्याचा. मी फौजेत हा आवाज हजारदा ऐकलाय. बोल्ट म्हणजे नळीच्या मागचा सरकता दांडा; बाहेर काढताना आधी तो असाच मागे खेचतात, आणि गोळी आत भरतानाही आधी तो असाच मागे खेचतात. त्या क्षणी तो यातलं काय करतोय हे मला कळायला मार्ग नव्हता, आणि वर्नालाही नव्हता. तिनं डोळे मिटले. मी मात्र मिटू शकले नाही.

दाराखालच्या फटीतून बोल्टचं टोक पुढे आलं आणि बर्फात अडकलं. वर्नानं हातमोजा काढला आणि बोटांनी ओढून ते बाहेर काढलं. लोखंड इतकं गार होतं की बोटांची कातडी त्याला चिकटून निघाली. ती ओरडली नाही. बोल्ट कोटाच्या खिशात टाकला आणि पुन्हा बादलीवर बसली.

वीस मिनिटांनी लेस्टर बाहेर आला. डोक्यावर टोपी नाही, कान पांढरे पडलेले. फाटकाशी दिवे बंद करून उभी असलेली पोलिसांची गाडी त्याला दिसली आणि तो जागच्या जागी थिजला.

"तुम्ही पोलीस आणलात."

"आणला," वर्ना म्हणाली. "तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

त्यावर तो तिला जे बोलला ते मी लिहीत नाही. पण तो आमच्या गाडीत बसला. वर्ना त्याच्याशेजारी मागे बसली आणि मी गाडी गावातल्या छोट्या इस्पितळाकडे घेतली. पोलिसाची गाडी लांब अंतर ठेवून मागून येत होती.

तीन आठवडे तो इस्पितळात होता. बंदुका या वेळी खरोखरच भावाकडे गेल्या. वर्नानं भावाकडून मोजून खात्री करून घेतली. बाहेर आल्यावर लेस्टरनं सांगितलं, मला वर्ना टॉर्गर्सन नको. तो संगणकाच्या पडद्यावरून दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागला. आमच्या दवाखान्यातूनच, दर मंगळवारी. पॅसेजमध्ये वर्ना समोर आली तर भिंतीकडे बघायचा. मला राग यायचा. वर्ना म्हणायची, "रागावलाय ना? रागावू दे."

उन्हाळ्यात त्याची मुलगी दोन आठवडे राहून गेली. कुत्रा मात्र एड्ना वाइसनं परत दिला नाही. म्हणाली, दिलेली वस्तू परत मागतात का कुणी? शेवटी असं ठरलं की कुत्रा रविवारी लेस्टरकडे आणि बाकी दिवस एड्नाकडे. यावरून त्या दोघांची अजून जुंपते.

खचली ती वर्ना. पहिले दोन महिने कुणाला काही कळलं नाही. मग फोन वाजला की ती खोलीतून उठून माझ्या टेबलाशी यायला लागली, कुणाचा आहे ते बघायला. कुणी दहा मिनिटं उशिरा आलं की ती पार्किंगमध्ये जाऊन उभी राहायची. मार्चमध्ये एकदा अकरा वाजताची माणसं येऊन बसली आणि ती खोलीत नाही. शोधता शोधता सापडली सामानाच्या खोलीत, कागदांच्या खोक्यांच्या मध्ये, जमिनीवर. दिवाही लावला नव्हता.

मी तिच्याशेजारी बसले.

"तो आवाज," ती म्हणाली. "लोखंडाचा. दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. आणि दर वेळी मला माहीत नसतं, तो बोल्ट काढतोय की गोळी भरतोय."

"मलाही येतो," मी म्हटलं. हे मी तोवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"मला कुणाशी तरी बोलायला हवं, रमोना. किती जणांना मी हेच सांगितलं असेल. स्वतःला सांगताना लाज वाटते."

साठ मैलांवर एक बाई आहेत, त्यांच्याकडे वर्ना आता एक सोडून एक गुरुवारी जाते. रस्त्यावर बर्फ असला की तिच्यानं गाडी चालवत नाही, म्हणून मी नेते. ती आत असते तोवर मी समोरच्या हॉटेलात ॲपल पाय खाते. येताना ती कधी रडून आलेली असते, कधी नुसती भुकेली. मी विचारत नाही. एकदा तीच म्हणाली, "त्या म्हणतात, भीती बहुतेक जाणार नाही. तिच्याबरोबर काम करता येतं का ते बघायचं." तिनं आपल्याकडे येणारी माणसं कमी केली, पंचेचाळीसची तीस. नोकरी सोडली नाही.

गेल्या सोमवारी एक नवा माणूस आला, गुरांच्या फार्मवरचा. टोपी हातात घेऊन माझ्या टेबलाशी चुळबुळत उभा होता.

"त्या बाई कडक आहेत का हो?"

"प्रश्न फार विचारतात," मी म्हटलं. "बाकी बऱ्या आहेत."

वर्ना दारात आली. मी बघत होते. तिनं चौकटीला हात टेकला, एक श्वास घेतला, आणि त्याला म्हणाली, "या, आत या. कॉफी घेणार का? वाईट असते, आधीच सांगते."