उजवीकडे मोकळं

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी व्हँकुव्हरजवळ कोक्विटलामच्या घरी दही विरजत होतो. "भाऊजी, दिलीप गेला," एवढंच त्या म्हणाल्या. अशा वेळी माणसं "कसा?" किंवा "कधी?" असं काहीतरी विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "गाडीत होता का?" त्या म्हणाल्या, "नाही. घरीच. सकाळी चहा घेत होता. हार्ट." दुःख मला नंतर झालं. आधी सुटल्यासारखं वाटलं. आज पाच आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे तेही त्या प्रश्नामुळेच.

दिलीप देशकर, म्हणजे आमचा दिल्या, नागपूरचा. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर चार वर्षं माझा रूममेट. मी पुण्याचा, त्यामुळे पहिलं वर्ष एकमेकांची भाषा दुरुस्त करण्यात गेलं, आणि शेवटपर्यंत दोघांचीही झाली नाही. पुढे आम्ही दोघंही कॅनडात आलो, तो रेजिनाला सरकारी रस्तेखात्यात लागला आणि मी व्हँकुव्हरच्या बाजूला सॉफ्टवेअरमध्ये. रेजिनात गाडी नसली तर माणूस घरात कोंडला जातो, असं तो म्हणायचा. उणे तीसमध्ये, बर्फात, तो अशी गाडी चालवायचा की शेजारी बसणाऱ्याला डुलकी लागावी. वहिनी ग्रोसरीपलीकडे कधी गाडी नेत नसत. कशाला न्यायची, दिल्या होता ना! मी स्वतः भित्रा ड्रायव्हर आहे, आमच्या गल्लीच्या चढावरही मला घाम फुटतो, आणि हा त्याचा चाळीस वर्षं पुरलेला चेष्टेचा विषय होता.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही चौघांनी कॅलगरीहून मोटरहोम भाड्याने घेतली. ते दोघं रेजिनाहून स्वतःच्या गाडीने आले, मी आणि माझी बायको माधवी विमानाने. रॉकी पर्वतातून बॅन्फपासून जॅस्परपर्यंत जायचं आणि परत यायचं, दहा दिवस. आखणी सगळी दिल्याची. निघण्याआधी तो गाडीला एक पूर्ण फेरी घालायचा, पत्र्यावर तळहात ठेवून, मोठ्याने म्हणत, "पाण्याचा पाइप काढला, वायर काढली, पायरी आत, छताची खिडकी बंद." माधवीने याला प्रदक्षिणा असं नाव दिलं. त्याला ते आवडलं नाही, पण तो दरवेळी उजवीकडूनच निघायचा.

पहिल्याच मुक्कामाला वहिनींनी रेजिनाहून आणलेला कुकर लावला. त्या भागात लोक अस्वलाच्या भीतीने खिशात शिट्ट्या बाळगतात, हे आम्हाला पाटीवर वाचूनही सुचलं नव्हतं. दुसरी शिट्टी झाली तसा शेजारच्या मोटरहोममधला एक आडदांड म्हातारा हातात अस्वलाचा स्प्रे घेऊन धावत आला. "व्हेअर इज ही?" दिल्या दारात उभा राहून शांतपणे म्हणाला, "वन मोअर व्हिसल, सर, देन ही इज रेडी." म्हातारा आमच्याबरोबर वरणभात जेवला, आणि जाताना त्याने कुकर हातात घेऊन नीट तपासून पाहिला.

दुसऱ्या दिवशी आइसफील्ड्सचा रस्ता लागला. त्या डोंगरांबद्दल मी काय लिहू? ते प्रचंड आहेत, त्यांच्या अंगावर हिमनद्या आहेत, आणि समोर असताना माणसाला आपलं बोलणं बारीक वाटायला लागतं. दिल्या चालवत होता, मी शेजारी. मागे बायका चिवड्यात कांदा घालायचा की नाही यावर होत्या. एका वळणावर काही लोक उजव्या कडेला उभे राहून रानमेंढ्यांचे फोटो काढत होते. मला ते केव्हापासून दिसत होते. दिल्याला दिसत नव्हते. मी ओरडलो, त्याने स्टिअरिंग डावीकडे ओढलं, आणि आमचा आरसा एका बाईच्या टोपीपासून हातभर अंतरावरून गेला. मागून वहिनी म्हणाल्या, "हळू ना रे, चहा सांडला."

पुढच्या थांब्यावर बायका तळ्याकडे उतरल्या. आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो. काचेसमोर ते तळं होतं, निळं आणि हिरवं यांच्या मधल्या कुठल्यातरी रंगाचं.

"काचबिंदू आहे बे," दिल्या म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत. उजव्या बाजूचं जवळपास गेलं. डॉक्टर म्हणते गाडी बंद कर."

"वहिनींना?"

"नाही सांगितलं. सांगितलं की किल्ली गेली. मग पोरगा म्हणेल, घर विका, टोरंटोला कॉन्डो घ्या..." त्याचा हात अजून किल्लीवरच होता. "ही एक ट्रिप चालवू दे मला, विन्या."

मी नाही म्हणालो. त्याला मी आयुष्यात फार वेळा नाही म्हटलेलं नाही. शेवटी असं ठरलं की चालवायची मी, तो घरी पोहोचला की वहिनींना सांगेल, आणि बायका परत आल्यावर मी असं म्हणायचं की मोटरहोम चालवायची माझी जुनी हौस आहे. मी तसं म्हटलं. माधवीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

उरलेले आठ दिवस ते सव्वीस फुटी धूड मी चालवलं. तो उजवीकडच्या सीटवर बसला आणि त्याने स्वतःकडे एक काम घेतलं. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक थांब्यातून निघताना तो अख्खी मान आणि अर्धं धड फिरवून उजवीकडे बघायचा, पुरतं बघून झाल्याशिवाय बोलायचा नाही, आणि मग म्हणायचा, "उजवीकडे मोकळं." जी बाजू त्याची गेली होती तीच त्याने सांभाळायला घेतली होती. मला त्याचा राग यायचा, तरी ते दोन शब्द ऐकल्याशिवाय मी ब्रेकवरचा पाय काढायचो नाही. तो मात्र मजेत होता. "डोंगर बघायला आलो," म्हणाला, "आणि दिसतंय काय, तर तुझं घाबरलेलं थोबाड."

कॅलगरीला मोटरहोम परत केली. पार्किंगमध्ये त्यांची गाडी उभी होती. तो म्हणाला होता, घरी पोहोचल्यावर सांगतो. पण घर तिथून साडेसातशे किलोमीटरवर होतं... मला हे कळत होतं. विमानाला उशीर होतोय असं म्हणत मी टॅक्सीत बसलो आणि कोण कुठल्या बाजूने गाडीत बसतंय ते वळून बघितलं नाही. त्यानंतर दर रविवारी आमचा फोन व्हायचा. क्रिकेट, गुडघे, नागपूरचा फ्लॅट, सगळं व्हायचं. ते मात्र मी कधीच विचारलं नाही. तो "नाही सांगितलं" म्हणाला असता तर मला काहीतरी करावं लागलं असतं. मी भित्रा फक्त गाडीतच आहे असं नाही.

दहाव्याला मी रेजिनात होतो. वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "गाडीत होता का, असं का विचारलंत?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कॅलगरीच्या पार्किंगमध्येच सांगितलं त्याने," त्या म्हणाल्या. "तुमची टॅक्सी वळली आणि त्याने किल्ली माझ्या हातात दिली. हायवेवर मी कधी गेले नव्हते, भाऊजी. दोन दिवस लागले आम्हाला. मी रडत चालवत होते आणि तो शेजारी बसून मान मोडेस्तोवर... नंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. म्हणायचा, विन्यानं मोटरहोम नेली, तर तू काहीही नेशील."

"मला बोलला नाही कधी."

"तुम्ही विचाराल असं वाटायचं त्याला. रविवारी फोन ठेवला की म्हणायचा, आजपण नाही विचारलं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी वहिनीच मला एअरपोर्टवर सोडायला निघाल्या. आधी त्यांनी गाडीला फेरी घातली, पत्र्यावर तळहात ठेवून. मी शेजारी बसलो. सीट मागे सरकवलेली होती, त्याच्या लांब पायांच्या मापाने. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली, दोन्हीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता, तरी त्या निघेनात. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मला वाटलं रडतायत, पण तसं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. मी अख्खी मान फिरवली, पुरतं बघून घेतलं आणि म्हणालो, "उजवीकडे मोकळं."

वहिनींनी गाडी रस्त्यावर घेतली.