सासूबाईंचा सूर आणि माझ्या नव्या फ्रेट

टाकव्यात कुणाचीही हळद असो, पहिलं गाणं माझ्या सासूबाईंचं. मी लोणावळ्यात वाढलेली, लग्नात गिटार घेऊन आलेली. आमचं गूळपीठ जमलं ते त्यावरच. गिटारच्या दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. तिसऱ्या फ्रेटपाशी कॅपोचा चिमटा लावून तारा दाबल्या, की गिटार चढून त्यांच्या सुराला येऊन मिळायची.

गेल्या वर्षी मी झिजलेल्या फ्रेट काढून नव्या, चांगल्या उंच बसवून घेतल्या. बोटांना काय सुख! पण पुतणीच्या हळदीचा सराव सुरू झाला आणि सासूबाईंचा सूर खाली राहू लागला. मी मुलखाची शिष्ट. जावेच्या देखत म्हणाले, "आई, उतरताय तुम्ही." बिचाऱ्या आवाज वर खेचायच्या, खोकायच्या. आठवडाभर ज्येष्ठमध चघळून झाल्यावर जावेला म्हणाल्या, "औंदा तूच म्हण गं. माजा गळा गेला."

त्यानंतर त्या स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणेनात. मला ते घर सहन होईना.

एका दुपारी एकटीच वाजवत होते. कुणी गात नव्हतं, तरी कानाला बोचत होतं. कॅपो काढला, तर सगळं स्वच्छ. फोनवर सूर तपासले. कॅपो लावला की प्रत्येक तार हव्या सुराच्याही वर चढलेली, कुठली थोडी, कुठली जास्त. जुन्या फ्रेट इतक्या झिजल्या होत्या, की दाबलेली तार लगेच लाकडाला टेकायची. नव्या उंच फ्रेटवर तोच घट्ट चिमटा तिला पार खाली ओढत होता. कपडे वाळत घालायच्या दोरीवर हात दाबला की ती ताणली जाते, तसं. मी दुसरा, स्क्रूने हवा तेवढाच आवळता येणारा कॅपो घेतला, फ्रेटला अगदी खेटून लावला आणि बेताचा आवळला. सूर जागेवर आले.

तशीच धावत मागच्या दारी गेले. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. "आई, गिटारच जास्त चढत होती. तुमचा गळा ठीक आहे. चूक माझी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला वाटलंच व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकलेली. तुलाच खरं कळत आसंल म्हनलं."

मला रडूच आलं. इतकी वर्षं गाणाऱ्या बाईने माझ्या एका वाक्यावर स्वतःचा गळा मोडीत काढला होता.

त्यांनी पदराने माझे डोळे पुसले आणि सूप पुन्हा उचललं. "हळदीला गिटार आन. पर आदी मी सूर धरीन, मग तू तुजं ते जुळव."