माहेरच्या वाडीतला खांब

दुर्बिणीसाठी वाडीत काँक्रीटचा खांब बांधायचा आहे, असं मी धाकट्या भावाला फोनवर सांगितलं आणि तो लगेच "बांध की" म्हणाला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस झाडावरची दोन शहाळी काढायची म्हटली तरी दोन दिवस विचार करतो. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कुठे मुरत होतं, तेही मला ठाऊक होतं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. त्याला वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या आणि त्यासाठी मी हक्कसोडपत्रावर सही करायला हवी होती. आमच्याकडे बहिणी सही करतात. साडीचोळी घेतात, डोळे पुसतात आणि करतात. मी नाही म्हटलं नव्हतं, पण "बघू, बघू" करत काही पावसाळे काढले होते. मला जमीन नको होती. पण माझ्या आत्यांनी सह्या केल्या आणि त्यानंतर त्या लग्नकार्यापुरत्याच उरल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी अलिबागच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. मला हक्काने जायला एवढं एकच दार होतं, आणि ते बंद होईल या भीतीने मी सही टाळत होते.

खांबाची गरज मात्र खोटी नव्हती. अलिबागला माझ्या गच्चीसमोर दिव्यांचा नुसता उजेड. माहेरची वाडी हरिहरेश्वरच्या अलीकडे, समुद्राला लागून. तिथे काळोख चांगला, पण जमीन रेताड. दुर्बिणीची तिपाई रुतायची, वारा लागायचा, आणि शेजारून भावजय चालत गेली तरी भिंगातला गुरू थरथरायचा. जमिनीत खोल गाडलेला खांब, त्याच्या डोक्यावर चार बोल्ट आणि बोल्टांवर दुर्बिणीची जड बैठक, एवढाच त्यावर उपाय होता.

जागा मी आधीच हेरली होती. बैठक ध्रुवाकडे तोंड करून बसवावी लागते, आणि आपल्याकडे ध्रुव अगदी खाली असतो. हात लांब करून वीत ताणली तर क्षितिजापासून जेमतेम तेवढा वर. वाडीत नारळी-पोफळींमधून उत्तर मोकळी दिसेल अशी एकच जागा होती, घराच्या मागे. मी भावाला तिथे उभं करून ध्रुव दाखवलाही. तो म्हणाला, "व्हय का." त्याचं हे "व्हय का" मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ, मला काय खुळा समजतेस?

खड्ड्याचं माप ऐकून तर तो उडालाच. "चार फूट? आपल्या घराचा पाया तीन फुटांचा हाय, ताई."

"दुर्बिणीला हादरा चालत नाही रे."

गवंड्याने लोखंडाची जाळी पाहून आणखी भर घातली. "येवढी सळई कशाला? वर मजला चढवनार काय?" भावजय चहा घेऊन आली होती, ती जागीच थांबली. आज एक खांब, उरलेले तीन दिवाळीनंतर, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आलं. मी म्हटलं, "एका खांबाचं घर होत नाही गं."

"न्हाय वो वन्सं, मी कुठं काय म्हटलं?" ती हसली. मीही हसले. त्या दिवसांत आम्ही तिघं फार हसत होतो.

खणायच्या आधी गवंड्याने नारळ पुढे केला. "कोन फोडनार? जागेचा मालक फोडतो."

भाऊ म्हणाला, "ताई फोडंल."

मी त्याच्याकडे पाहिलं. कुंपणापलीकडे दोघे शेजारी उभे होते. मी नारळ फोडला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की ताईने मालकी दाखवली. त्याला फोडू द्यावा, तर मीच चारचौघांत त्याला मालक ठरवल्यासारखं. मी म्हटलं, "तूच फोड. बायकांनी नारळ फोडू नये म्हणतात."

"तूच तर शिकवलंस ना, तसलं काय मानायचं न्हाय?"

असं आमचं पहले आप, पहले आप चाललं. शेवटी गवंड्यानेच कंटाळून नारळ पहारीवर आपटला, आणि मालक झाल्याच्या थाटात आम्हाला खोबरं वाटलं.

रेती भावाने मागवली होती. घरासमोर समुद्र फुकट पडलेला असताना नदीची रेती हा कशाला आणेल, असं माझ्या मनात आलं. खाऱ्या रेतीने सळई गंजते. कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी चिमूटभर रेती जिभेवर ठेवली. खारट नव्हती. तरी ढिगाच्या दुसऱ्या बाजूची चिमूटही चाखली.

खांब भरला. वरचे बोल्ट सरळ बसवून घेतले आणि मी अलिबागला परतले. पुढचे काही आठवडे त्याच्यावर ओलं गोणपाट हवं होतं. रोज फोन करून विचारायचे, पाणी मारलंस का? "मारतो की." हे "मारतो की" खरं किती, म्हणून एक दिवस न कळवता सकाळची एसटी धरून गेले.

गोणपाट ओलंचिंब होतं. पण खांबापाशी भाऊ मोजायची फीत धरून उभा होता, आणि फितीचं दुसरं टोक भावजयीच्या हातात, घराच्या कोपऱ्याशी.

"काय मोजताय?"

"काय न्हाय. उगीच."

भर उन्हात उगीच कोण फीत धरतं? माझा तोल सुटला. "सरळ सांग ना! माझी सही व्हायच्या आधीच मला वगळून जागा मोजतोयस."

त्याने फीत खाली टाकली. "आनि तू? सहीला बघू-बघू करतेस, आनि हितं चार फूट पुरून ठेवलंस. सारा गाव इचारतो, ताईनं हिस्सा मागितला काय? मी काय सांगू, तिला गुरू बघायचाय? मोबाइलवर बघितलं मी. उचलून नेता येनारे लोखंडी खांब मिळतात. तुला पुरूनच कशाला हवा?"

वारा, गंज, हादरा ही सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती. ती खरीही होती. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "सही केल्यावर इथे माझं काय राहील रे? काहीतरी उपटून टाकता न येणारं नको का?" आवाज फाटला, आणि त्याच्यासमोर फाटला म्हणून मला आणखी राग आला.

तो खांबाशेजारी उकिडवा बसला. भावजय फीत गुंडाळत जवळ आली.

"खोल्यांचं मोजत हुतो, वन्सं. हितं बांधल्या तर तुमचा तो तारा झाकंल, असं हे म्हनले. म्हनून हिरीकडं सरकवतोय."

म्हणजे माझी सही गृहीत धरून खोल्या आखून झाल्या होत्या. आणि त्या आखताना माझा ध्रुवही राखला होता. चिडावं की विरघळावं ते कळेना. मी आधी चिडले, मग ओट्यावर बसून रडले.

सही केली. तालुक्याच्या कचेरीत बोटाचा ठसा दिला, फोटो काढला. भाऊ सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. त्या संध्याकाळी दुर्बीण खांबावर चढवली आणि चंद्र लावला. भाऊ खांबाशेजारी पाय आपटून बघत होता. चंद्र जागचा हलला नाही. "अजून आपट," मी म्हटलं, आणि त्याने उड्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी निघाले. भावजयीने पिशवीत नारळ आणि कोकम भरलं, फाटकापर्यंत सोडायला आली आणि माझा हात धरून म्हणाली, "आता कधी येनार, वन्सं?"

तिच्या आवाजात माया होती. त्याबद्दल माझ्यासारखीलाही शंका आली नाही. पण इतक्या वर्षांत त्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी यायची तेव्हा यायची. कधी येणार, ते पाहुण्यांना विचारतात.