‘काढून टाकू का?’

गावच्या दूध संकलन केंद्रातला कॉम्प्युटर मी सांभाळते. तो लिनक्स या प्रणालीवर चालतो आणि दूध गार करायच्या टाकीचा कॉम्प्रेसर तोच चालू-बंद करतो. कॉम्प्रेसरला जोडलेलं कार्ड जुनाट, म्हणून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्स कोडमध्ये आम्ही घरचा एक पॅच, म्हणजे स्वतः लिहिलेलं कोडचं ठिगळ, घातलाय. तो नसला की कार्ड मुकं. बाहेरून सुरक्षेचे पॅच आले की ते याच सोर्सवर चढवायचे आणि कर्नल नव्यानं बांधायचा.

मे महिना होता. सकाळचं दूध टाकीत अजून कोमटच होतं. केंद्राचे सचिव माझ्या पाठीशी उभे. “ताई, आटपा लवकर. टँकर यायचाय.” बाहेरचे पॅच नीट बसले. त्या गडबडीत घरचा राहिला की काय, या धसक्यानं मी तो पुन्हा चढवायला गेले. पडद्यावर प्रश्न आला: हा आधीच आहे, काढून टाकू का?

“इचारतंय तर व्हय म्हना की!” सचिव म्हणाले. घोडेगावच्या बाजारात दात बघितल्याशिवाय म्हशीचा भाव न विचारणारी मी, आणि दाबलं की हो!

मशीन नव्या कर्नलवर उठलं. कॉम्प्रेसर गप्प. त्या ‘हो’नं घरचाच पॅच काढून टाकला होता. जुना कर्नल जागा नाही म्हणून मीच उडवलेला, आणि कॉम्प्रेसर हातानं चालू करायच्या बटणाची वायर उंदरांनी कधीच खाल्लेली. अगं बाई! अख्ख्या गावाचं दूध त्या टाकीत, माझ्या आईच्या एकुलत्या एक म्हशीचंसुद्धा.

“काय झालं, ताई?”

“जरा गप बसा हो!” वडीलधाऱ्या माणसावर खेकसले मी.

घरचा पॅच परत घातला, शब्द न् शब्द वाचून. कर्नल बांधायला लावला. पडद्यावर ओळी सरकत होत्या, टाकीवरचा तापमानाचा आकडा चढत होता. सचिव टाकीवर ओली गोणपाटं टाकत होते. आता लाईट गेली तर मेलेच, एवढंच डोक्यात.

शेवटी कॉम्प्रेसर घरघरला. तोवर टँकर दारात. ड्रायव्हर नेहमी काचेच्या नळीत थोडं दूध घेऊन उकळून बघतो. फाटलं तर सगळी टाकी गटारात. त्यानं नळी आचेवर धरली. मला बघवेना, मी डोळे मिटले.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. “घिऊ का भरून?”

एवढा साधा प्रश्न. माझ्या तोंडून हो निघेना.

“दादा,” मी म्हणाले, “आणखी एकदा उकळा.”